हाडाला चुंबक कळतं का?

मालवण, देवगड, वेंगुर्ल्याच्या किनारपट्टीत हाडं मोडण्याचे दोन हंगाम असतात. एप्रिल-मे महिन्यांत आंबे, रातांबे, नारळ उतरवताना माणसं झाडावरून पडतात. पाऊस लागला की शेवाळ धरलेल्या जांभ्याच्या पायऱ्या आणि निसरड्या घाट्या म्हाताऱ्या माणसांची मनगटं आणि खुबे मोडतात. महामार्गावरचे दुचाकीचे अपघात तर बारा महिने चालूच असतात. बहुतेकांची हाडं प्लास्टरमध्ये किंवा रॉड-प्लेटच्या आधारानं वेळेवर जुळतात. काहींची मात्र जुळत नाहीत. चार-पाच महिने उलटतात, एक्स-रेत फट तशीच दिसते, कामधंदा बुडालेला असतो, आणि मग कुणीतरी सांगतं, ‘चुंबकाची मशीन लावून बघा.’

या सल्ल्याला सरसकट हो किंवा नाही म्हणता येत नाही, कारण चुंबकाच्या नावानं तीन अगदी वेगळ्या गोष्टी समोर येतात. पहिली म्हणजे विजेवर चालणारी कॉइल. तिच्यातून सतत बदलणारं चुंबकीय क्षेत्र मोडलेल्या जागेवर सोडलं जातं. दुसरी म्हणजे कायमस्वरूपी चुंबक बसवलेले पट्टे, कडी, गाद्या आणि चुंबकावर ठेवलेलं पाणी. तिसरी म्हणजे हाडात किंवा पाठीच्या कण्यालगत बसवलेला, आत चुंबक असलेला आणि बाहेरून लांबवता येणारा रॉड. पहिलीच्या मागे सत्तर वर्षांचं संशोधन आहे आणि निकाल संमिश्र आहेत. दुसरीच्या मागे भरवसा ठेवावा असा पुरावा नाही. तिसरी खरोखर उपयोगी आहे, पण तिथे हाड वाढतं ते चुंबकामुळे नव्हे. या तिन्हींची सरमिसळ झाल्यामुळे रुग्णांचे पैसे जातात, आणि पैशांपेक्षा मोलाचा वेळही जातो. म्हणून हा आढावा.

हाड जुळतं कसं

कातडी कापली की वण राहतो. हाड मात्र नीट जुळलं तर नव्या हाडानंच जुळतं. मोडल्याबरोबर तिथे रक्त साकळतं. दाह सुरू होतो आणि त्यातून दुरुस्तीच्या पेशी गोळा होतात. पुढच्या दोन-तीन आठवड्यांत कूर्चेचा मऊ कॅलस तयार होतो, मग त्यात कॅल्शियम भरत जाऊन तो टणक होतो. त्यानंतर कित्येक महिने, कधी वर्षानुवर्षं, हाड स्वतःला घासूनपुसून मूळ आकारावर आणत राहतं.

यासाठी मुख्यतः तीन गोष्टी लागतात. मोडलेल्या टोकांना रक्त मिळालं पाहिजे. टोकं पुरेशी स्थिर असली पाहिजेत. किंचित हालचाल कॅलसला पोषक ठरते, जास्त हालचाल झाली तर कोवळा कॅलस पुन्हा पुन्हा तुटतो. आणि जखमेत जंतू नसले पाहिजेत. नडगीचं हाड सगळ्यांत जास्त त्रास देतं. तिची पुढची-आतली बाजू थेट कातडीखाली असते, स्नायूंचं पांघरूण नसतं, त्यामुळे रक्तपुरवठा तोकडा पडतो आणि हाड बाहेर येऊन जखम उघडी पडण्याची शक्यताही वाढते.

अस्थिभंगांपैकी ५ ते १० टक्के जुळायला फार वेळ घेतात किंवा जुळतच नाहीत, असा अंदाज वैद्यकीय ग्रंथांत सर्रास दिला जातो. दुखापतीला ९ महिने झाले आणि शेवटच्या ३ महिन्यांत एक्स-रेवर काहीच प्रगती दिसली नाही, तर ते हाड ‘न जुळलेलं’ धरायचं, अशी एक प्रचलित व्याख्या आहे. अडलेल्या हाडाचा ठरलेला उपाय म्हणजे पुन्हा शस्त्रक्रिया: रॉड बदलणं, प्लेट लावणं, कमरेच्या हाडातून कलम घेऊन फटीत भरणं. ही शस्त्रक्रिया टाळता आली तर किती बरं, याच इच्छेतून चुंबकीय उपचाराचा जन्म झाला.

हाडातली वीज

जर्मन शल्यविशारद यूलियस वोल्फ यांनी १८९२ मध्ये मांडलं की हाड आपल्यावर पडणाऱ्या भारानुसार स्वतःची रचना बदलतं. वापर असलेलं हाड दणकट होतं, वापर थांबला की झिजतं. पण भार पडतोय हे हाडातल्या पेशींना कळतं कसं, हा प्रश्न तेव्हा उरलाच होता.

त्याच्या उत्तराचा एक धागा जपानमध्ये सापडला. क्योटोचे अस्थिशल्यविशारद इवाओ यासुदा यांनी १९५३ च्या सुमारास दाखवलं की हाडात सूक्ष्म विद्युतप्रवाह सोडला तर तिथे कॅलस तयार होतो. १९५७ मध्ये त्यांनी भौतिकशास्त्रज्ञ एईची फुकादा यांच्यासह सिद्ध केलं की हाडावर दाब दिला की त्यात वीज निर्माण होते. क्वार्ट्झसारख्या स्फटिकांत दिसणारा हा गुण हाडातल्या कोलॅजेन तंतूंत आहे. १९६२ मध्ये अमेरिकेत अँड्र्यू बॅसेट आणि रॉबर्ट बेकर यांनी हाड वाकवून मोजमाप केलं, तेव्हा दबलेली बाजू ऋणभारित होत असल्याचं आढळलं. शरीरात हाड वाकतं तेव्हा दबलेल्या बाजूवरच नवं हाड चढतं, आणि ऋण इलेक्ट्रोड ठेवलेल्या जागीही हाड वाढतं. दोन्ही निरीक्षणं एकमेकांशी जुळत होती. जिवंत, ओल्या हाडातली वीज मात्र मुख्यतः वेगळ्या मार्गानं येते, हे नंतरच्या संशोधनातून स्पष्ट झालं. हाडाच्या सूक्ष्म नळ्यांमधला क्षारयुक्त द्रव भारामुळे सरकतो आणि त्या सरकण्यातून विद्युतदाब तयार होतो.

अर्थात पेशींना भाराची खबर केवळ विजेनंच मिळते असं नाही. द्रवाचं घर्षण आणि पेशींचं ताणलं जाणं यांचाही वाटा मोठा आहे. तरीही वीज हा हाडाच्या कारभाराचा एक खरा भाग आहे, एवढं या संशोधनानं पक्कं केलं.

कॉइल आली कुठून

वीज द्यायची तर हाडात तार खुपसावी लागे. ती टाळण्यासाठी बॅसेट यांनी मायकेल फॅरेडे यांच्या १८३१ च्या शोधाचा आधार घेतला. बदलत्या चुंबकीय क्षेत्रात ठेवलेल्या वाहकात वीज उत्पन्न होते. शरीर क्षारयुक्त पाण्याचं, म्हणजे वाहकच. पायाच्या दोन्ही बाजूंना कॉइल ठेवून तिच्यात विजेचे झटपट स्पंद सोडले, तर कातडीला हात न लावता आत हाडाच्या जागी सूक्ष्म विद्युतक्षेत्र तयार होईल, असा हा विचार होता. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात बॅसेट, पावलुक आणि पिला यांनी १९७४ मध्ये कुत्र्यांवरचे निष्कर्ष प्रसिद्ध केले, १९७७ मध्ये माणसांवरचे. १९७९ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानं न जुळलेल्या हाडांसाठी अशा यंत्राला मान्यता दिली.

यातली एक गोष्ट वाचकानं पक्की धरून ठेवावी: इथे काम करतो तो क्षेत्रातला बदल. क्षेत्र स्थिर असेल आणि शरीरही स्थिर असेल, तर वीज निर्माणच होत नाही. या यंत्रांचं क्षेत्र साधारण मिलिटेस्लाच्या घरात असतं आणि त्यातून हाडात सेंटिमीटरमागे एखाद-दोन मिलिव्होल्ट इतकंच विद्युतक्षेत्र उभं राहतं. ना चटका बसतो, ना ऊब लागते, ना मुंग्या येतात. यंत्र चालू आहे की बंद, हे रुग्णाला कळत नाही. याच गोष्टीमुळे या उपचाराची खरी परीक्षा घेणं शक्य झालं.

चालू यंत्र आणि बंद यंत्र

सुरुवातीचे आकडे दिपवणारे होते. बॅसेट यांच्या गटानं १९८१ मध्ये नडगीच्या १२७ न जुळलेल्या अस्थिभंगांची मालिका प्रसिद्ध केली आणि ८७ टक्के यश सांगितलं. पण या रुग्णांना दुसऱ्या कोणाशी ताडून पाहिलेलं नव्हतं. यंत्राबरोबर त्यांना प्लास्टर होतं, पायावर भार न देण्याची शिस्त होती आणि नियमित तपासणीही होती. यश यंत्राचं की शिस्तीचं, हे त्या आकड्यांवरून कळण्याचा मार्ग नव्हता.

असा पेच जुना आहे. १७८४ मध्ये पॅरिसमध्ये फ्रान्झ मेस्मर यांच्या ‘प्राणिज चुंबकत्वा’ची चौकशी राजानं नेमलेल्या आयोगानं केली होती. बेंजामिन फ्रँकलिन आणि अँत्वान लाव्हाझिए हे त्यात होते. रुग्णांचे डोळे बांधून त्यांनी पाहिलं, तर परिणाम दिसायचा तो रुग्णाला उपचार चालू आहे असं वाटलं की. तीच पद्धत आज बंद यंत्राच्या रूपानं वापरली जाते. निम्म्या रुग्णांना चालू कॉइल, निम्म्यांना हुबेहूब तशीच पण बंद कॉइल, आणि कोणाला कोणती मिळाली हे ना रुग्णाला ठाऊक ना डॉक्टरला.

१९८४ मध्ये बार्कर आणि सहकाऱ्यांनी ‘द लॅन्सेट’मध्ये अशी चाचणी प्रसिद्ध केली. रुग्ण केवळ १६. चालू यंत्राच्या ९ पैकी ५ जणांची हाडं जुळली, बंद यंत्राच्या ७ पैकीही ५ जणांची. संख्या फार लहान होती, पण नुसतं स्थिर ठेवून आणि भार न देऊनही अडलेली कितीतरी हाडं जुळतात, हा तिचा धडा महत्त्वाचा ठरला. उलट १९९० मध्ये शॅरर्ड यांनी नडगीचं हाड जुळायला उशीर लागलेल्या ४५ रुग्णांवर १२ आठवड्यांची चाचणी केली, तेव्हा अस्थिशल्यविशारदाच्या तपासणीनुसार चालू यंत्राच्या २० पैकी ९ जणांची हाडं जुळली आणि बंद यंत्राच्या २५ पैकी फक्त ३ जणांची. हा फरक दुर्लक्ष करण्याजोगा नव्हता.

ताज्या अस्थिभंगांत चित्र वेगळं दिसलं. ऑस्ट्रेलियात अ‍ॅडी आणि सहकाऱ्यांनी नडगीच्या ताज्या अस्थिभंगाचे २५९ रुग्ण घेतले. यंत्र रोज १० तास, १२ आठवडे लावायचं होतं. प्रत्यक्षात वापर सरासरी ६ तासांच्या आसपासच झाला. २०११ मध्ये निकाल आला, तेव्हा हाड न जुळल्यामुळे पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागलेल्यांचं प्रमाण चालू यंत्रात १५ टक्के आणि बंद यंत्रात १३ टक्के होतं, म्हणजे फायदा नाही. नेदरलँड्समध्ये मनगटातल्या स्कॅफॉइड हाडाच्या ताज्या अस्थिभंगावर झालेल्या चाचण्यांतही लाभ दिसला नाही.

मणके जोडण्याच्या शस्त्रक्रियेनंतरचे निकाल काहीसे आशादायक आहेत. फोली आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये मानेच्या मणक्यांची शस्त्रक्रिया झालेल्या ३२३ जणांचा अभ्यास मांडला. हे रुग्ण धूम्रपान करणारे होते किंवा त्यांचे एकाहून अधिक स्तर जोडायचे होते, म्हणजे जुळण्याची शक्यता मुळात कमी. सहा महिन्यांनी यंत्र वापरलेल्यांपैकी ८३.६ टक्क्यांचे मणके जुळले होते, इतरांपैकी ६८.६ टक्क्यांचे. वर्षाअखेर मात्र हे प्रमाण ९२.८ आणि ८६.७ टक्के झालं, आणि हा फरक योगायोगानंही पडू शकेल इतकाच होता. जुळणं लवकर झालं. शेवटी किती जुळले, यात मोठा फरक राहिला नाही.

अशा चाचण्या एकत्र करून पाहण्याचे प्रयत्नही झाले आहेत. कोक्रेन संस्थेच्या २०११ च्या आढाव्यात लांब हाडांच्या अडलेल्या अस्थिभंगांवरच्या फक्त ४ चाचण्या निकषात बसल्या, रुग्ण १२५. कल फायद्याकडे होता, पण तो निश्चित म्हणावा इतका भक्कम नव्हता. २०१६ मध्ये कॅनडातल्या संशोधकांनी मणक्यांसह सर्व प्रकारच्या हाडांवरच्या, बंद यंत्राशी तुलना केलेल्या १५ चाचण्या एकत्र केल्या. त्यात विद्युत उत्तेजनामुळे एक्स-रेवर हाड न जुळण्याचा धोका तुलनेनं ३५ टक्क्यांनी घटल्याचं आणि वेदना थोड्या कमी झाल्याचं दिसलं. चालणं-फिरणं, काम करणं यांत मात्र फरक आढळला नाही.

हाडांसाठीच वापरल्या जाणाऱ्या अल्ट्रासाउंड यंत्राची कहाणी इथे सावध करते. लहान चाचण्यांच्या जोरावर ते यंत्र वर्षानुवर्षं वापरलं गेलं. २०१६ मध्ये नडगीच्या ५०१ रुग्णांवरची मोठी चाचणी आली आणि तिच्यात काहीच फायदा दिसला नाही. पुढच्या वर्षी ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मधल्या तज्ज्ञगटानं ते यंत्र वापरू नये, अशी शिफारस केली. अडलेल्या हाडांसाठीच्या चुंबकीय कॉइलची तितकी मोठी परीक्षा अजून झालेली नाही.

पेशींना काय कळतं

प्रयोगशाळेत चित्र जास्त स्पष्ट आहे. स्पंदित क्षेत्रात ठेवलेल्या हाडाच्या पेशींत कॅल्शियमची ये-जा बदलते, कॅल्मोड्युलिन हे प्रथिन सक्रिय होतं, हाड घडवण्याचा इशारा देणाऱ्या वाढघटकांची निर्मिती वाढते. दाह कमी करणारे अ‍ॅडेनोसिनचे ग्राहकही वाढतात, असं इटलीतल्या संशोधनातून पुढे आलं आहे. भारतात दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठात जितेंद्र बिहारी यांनी हाडांवर होणारा विद्युतचुंबकीय परिणाम हा विषय दीर्घकाळ अभ्यासला आणि ठिसूळ केलेल्या हाडांच्या उंदरांवर स्पंदित क्षेत्रांचे प्रयोग केले.

मग रुग्णालयात निकाल असे संमिश्र का? मोठं कारण मात्रेचं आहे. औषधाची मात्रा मिलिग्रॅममध्ये सांगता येते. इथे क्षेत्राची तीव्रता, स्पंदाचा आकार, सेकंदाला किती स्पंद, रोज किती तास, किती आठवडे, हे सगळं प्रत्येक यंत्रात वेगळं असतं. काही यंत्रं रोज ८-१० तास लावायची असतात, काही अर्धाच तास. एका यंत्राचा निकाल दुसऱ्याला लावता येत नाही. म्हणून दुकानदार एखाद्या गाजलेल्या चाचणीचा दाखला देतो तेव्हा एवढंच विचारावं: त्या चाचणीत हेच यंत्र होतं का?

पट्टे, गाद्या आणि पृथ्वीचं चुंबकत्व

कायमस्वरूपी चुंबकांचा बाजार याहून मोठा आहे. त्याचा मुख्य युक्तिवाद असा, की रक्तात लोह असतं, चुंबक त्याला ओढतं आणि रक्ताभिसरण सुधारतं. रक्तातलं लोह खिळ्यातल्या लोखंडासारखं नसतं. लायनस पॉलिंग आणि चार्ल्स कोरिएल यांनी १९३६ मध्येच दाखवलं की ऑक्सिजनयुक्त हिमोग्लोबिन चुंबकाकडे ओढलं जात नाही, उलट किंचित दूर लोटलं जातं. ऑक्सिजन सोडलेलं हिमोग्लोबिन ओढलं जातं, पण तेही अत्यंत क्षीणपणे. एमआरआय यंत्राचं क्षेत्र दीड ते तीन टेस्ला इतकं, म्हणजे पट्ट्यातल्या चुंबकाच्या कितीतरी पट असतं. त्या यंत्रातही रुग्णाचं रक्त एका बाजूला गोळा होत नाही. शिवाय चुंबकाचा जोर अंतरानं झपाट्यानं ओसरतो. गादीतल्या चुंबकाचं क्षेत्र कापूस, कातडी आणि स्नायू पार करून मांडीच्या हाडापर्यंत पोचेस्तोवर नगण्य उरतं. वेदनेसाठी वापरल्या जाणाऱ्या स्थिर चुंबकांच्या चाचण्यांचा आढावा कॅनडाच्या वैद्यकीय नियतकालिकात २००७ मध्ये आला, आणि त्यात त्यांच्या बाजूनं कौल मिळाला नाही. प्राण्यांच्या हाडालगतच चुंबक बसवलेल्या काही प्रयोगांत हाडाच्या घनतेवर परिणाम दिसला आहे; तो शोध पुढे चालू राहावा. मनगटातल्या कड्याला त्याचा आधार देता येत नाही.

दुसरा युक्तिवाद असा, की आधुनिक माणसाला पृथ्वीचं चुंबकत्व कमी पडतं आणि अंतराळवीरांची हाडं त्यामुळेच झिजतात. पृथ्वीचं क्षेत्र मोजण्याची परंपरा आपल्या कोकणातच आहे. मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत १८४१ पासून चुंबकीय नोंदी होत होत्या. शहरात विजेच्या ट्राम येणार आणि त्यांच्या प्रवाहानं मोजमापं बिघडणार, म्हणून ते काम अलिबागला हलवलं गेलं. १९०४ पासून तिथल्या वेधशाळेत अखंड नोंदी होत आहेत. कोकण किनाऱ्यावर हे क्षेत्र ४० मायक्रोटेस्लाच्या आसपास असतं, म्हणजे उपचाराच्या कॉइलच्या तुलनेत कितीतरी दुर्बळ. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानक सुमारे ४०० किलोमीटर उंचीवर फिरतं आणि त्या उंचीवर पृथ्वीचं क्षेत्र जेमतेम एक षष्ठांशानं कमी होतं. अंतराळवीरांची भार पेलणारी हाडं दरमहा एक ते दीड टक्का झिजतात ती भार नाहीसा झाल्यामुळे, अगदी वोल्फ यांच्या नियमानुसार. त्यावर उपाय म्हणून ते स्थानकात रोज व्यायाम करतात.

आपल्या प्राचीन शल्यतंत्रालाही चुंबक ठाऊक होतं. सुश्रुतसंहितेत शरीरात रुतलेलं लोखंडी शल्य काढण्यासाठी अयस्कांताचा उपयोग सांगितला आहे. त्याच ग्रंथात अस्थिभंगाचे १२ आणि सांधा निखळण्याचे ६ प्रकार आहेत, पण मोडलेल्या हाडासाठी चुंबक सांगितलेलं नाही. तिथे सांगितलं आहे ते हाड ओढून जागेवर बसवणं आणि सालींच्या, बांबूच्या कामट्यांनी बांधणं.

चुंबकानं लांबणारा रॉड

हाडाच्या वाढीत चुंबकाचा सर्वांत खात्रीचा उपयोग यांत्रिक आहे. सोव्हिएत शल्यविशारद गाव्रिल इलिझारोव यांनी दाखवलं, की हाड कापून दोन्ही टोकं रोज साधारण १ मिलिमीटर या गतीनं दूर नेली, तर मधल्या फटीत नवं हाड तयार होत जातं. त्यासाठी पायाभोवती तारा आणि कड्यांचा पिंजरा महिनोन्‌महिने वागवावा लागतो, आणि तारांच्या छिद्रांत जंतुसंसर्गाची धास्ती असते. २०११ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेल्या प्रिसाइस रॉडमध्ये हे काम हाडाच्या आत होतं. रॉडमध्ये छोटा चुंबक आणि दातेरी चाकं असतात. बाहेरून फिरता चुंबक धरला की आतला फिरतो आणि रॉड लांबतो. लहान मुलांच्या वाकड्या कण्यासाठी याच तत्त्वावर रॉड निघाले आणि २०१२ मध्ये हाँगकाँगच्या डॉक्टरांनी त्यांचा अनुभव ‘लॅन्सेट’मध्ये मांडला. पूर्वी रॉड लांबवण्यासाठी या मुलांना दर सहा महिन्यांनी भूल देऊन पाठ उघडावी लागे. ते आता बाह्यरुग्ण विभागात होऊ लागलं.

यातही अडचणी आल्या. कण्याच्या रॉडमधून धातूचे कण झिजून बाहेर पडत असल्याचं दिसल्यावर ब्रिटनच्या नियामकांनी २०२० मध्ये त्यांचा वापर थांबवायला सांगितलं होतं, आणि पायाच्या रॉडचा स्टेनलेस स्टीलचा प्रकार २०२१ मध्ये बाजारातून मागे घेतला गेला. तरीही यामागची कल्पना फार मोठी आहे. इथे चुंबक हाडाला काही सांगत नाही. ते फक्त चाक फिरवतं. हाड वाढतं ते ताणामुळे.

सिंधुदुर्गातल्या रुग्णाचा हिशेब

आता पुन्हा आपल्या किनाऱ्याकडे येऊ. इथे हाडवैद्यांकडे जाण्याची रीत अजून आहे. बांबूच्या कामट्या, पट्ट्या आणि हाडसांधीच्या वेलीचा लेप. त्या वेलीवर काशी हिंदू विश्वविद्यालयात क. न. उडुपा आणि सहकाऱ्यांनी १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला प्राण्यांवर प्रयोग केले होते. साधा, बंद, न सरकलेला अस्थिभंग बांधून स्थिर ठेवला की बहुधा जुळतो, आणि त्यात हाडवैद्याचं कसब खरंच असतं. पण पट्टी घट्ट बसली आणि रक्त अडलं, तर काही तासांत हात किंवा पाय कायमचा जायबंदी होऊ शकतो. जखम उघडी असेल, हाड सरकलं असेल, बोटं थंड पडली किंवा बधिर झाली असतील, तर वाट पाहायला वेळ नसतो.

चुंबकाच्या बाबतीत श्रेयाची अशीच गल्लत होते. यंत्र भाड्यानं आणलेला रुग्ण त्याच काळात पाय जमिनीला टेकवायचा थांबतो, डॉक्टरकडे नियमित जातो, तंबाखू कमी करतो. हाड जुळतं आणि श्रेय चुंबकाला मिळतं. तंबाखूचा मुद्दा मी मुद्दाम आणला. अमेरिकेत पायाच्या गंभीर दुखापतींवर झालेल्या एका मोठ्या अभ्यासात, नडगीचा उघडा अस्थिभंग झालेल्यांपैकी धूम्रपान करणाऱ्यांची हाडं जुळण्याची शक्यता ३७ टक्क्यांनी कमी आढळली. निकोटिननं रक्तवाहिन्या आकसतात, आणि निकोटिन विडीतच असतं असं नाही. ते मळलेल्या तंबाखूतही असतं आणि आपल्याकडच्या बायका दाताला लावतात त्या मशेरीतही असतं. याच्या जोडीला आटोक्यात नसलेला मधुमेह, ड जीवनसत्त्वाची कमतरता आणि प्रथिनं कमी असलेला आहार येतो. यांतली कोणतीही गोष्ट कॉइलनं भरून निघत नाही.

अंतर हा आणखी एक अडथळा आहे. जिल्हा १९८१ मध्ये वेगळा झाला, पण गंभीर अपघातासाठी सावंतवाडी-दोडामार्गची माणसं अजून बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयाकडे धावतात. २०१८ मध्ये तिथे परराज्यातल्या रुग्णांना शुल्क सुरू झालं, तेव्हा या भागात उसळलेला संताप याच परावलंबनातून आला होता. आता ओरोसला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय झालं आहे, पडव्यालाही एक खासगी महाविद्यालय आहे. १०८ ची रुग्णवाहिका आहे, आणि महात्मा फुले जन आरोग्य योजनेत अस्थिभंगाच्या अनेक शस्त्रक्रिया बसतात. तरी पहिल्या शस्त्रक्रियेनंतर दर महिन्या-दीड महिन्यानं तपासणीला येणं रुग्णाला जमत नाही. एसटीचं भाडं, सोबत येणाऱ्याचा बुडालेला रोज, आंब्याचा किंवा मासेमारीचा हंगाम. हाड अडलं आहे हे तिसऱ्या महिन्यात कळायला हवं ते आठव्या महिन्यात कळतं.

या सगळ्याचा विचार करता माझं मत स्पष्ट आहे. ताज्या अस्थिभंगाला चुंबकीय यंत्र लावण्याची गरज नाही. पट्टे, गाद्या आणि चुंबकाचं पाणी यांवर रुपयाही खर्च करू नये. हाड जुळायला उशीर लागला असेल, टोकं नीट जवळ आणि स्थिर असतील, संसर्ग नसेल आणि रुग्णाला दुसरी शस्त्रक्रिया झेपणारी नसेल किंवा ती थोडी लांबवायची असेल, तर अस्थिरोगतज्ज्ञाच्या देखरेखीखाली कॉइलचा प्रयत्न करणं रास्त आहे. फट रुंद असेल, टोकांमध्ये खोटा सांधा तयार झाला असेल किंवा जखमेतून पू येत असेल, तर यंत्र लावून वेळ घालवणं म्हणजे शस्त्रक्रिया अवघड करून ठेवणं. पेसमेकर बसवलेल्यांनी आणि गरोदर स्त्रियांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय यंत्राजवळही जाऊ नये. आणि यंत्र लावायचंच ठरलं, तर किती तास, किती आठवडे आणि कोणत्या तारखेच्या एक्स-रेवर ते बंद करायचं, हे आधीच लिहून घ्यावं.

राहिला प्रश्न ज्ञानाचा. अडलेल्या नडगीवर कॉइल कितपत चालते, याचं ठाम उत्तर मिळवण्यासाठी शेकडो रुग्णांची चालू-बंद यंत्रांची चाचणी लागेल. नडगी मोडलेले रुग्ण आपल्याकडे कमी नाहीत. कमी आहेत त्या नोंदी. जिल्ह्यातल्या दोन्ही वैद्यकीय महाविद्यालयांनी नडगीच्या प्रत्येक अस्थिभंगाची एक साधी नोंदवही ठेवावी: दिनांक, जखम उघडी की बंद, तंबाखू, मधुमेह, तिसऱ्या, सहाव्या आणि नवव्या महिन्याचा एक्स-रे. जो रुग्ण तपासणीला आला नाही त्याला गावच्या आशाताईंमार्फत निरोप जावा. एवढ्यानंच कितीतरी हाडं वेळेत जुळवता येतील. त्यातून अडलेल्यांची जी यादी उरेल, तिच्यावर पुढे चुंबकाची खरी परीक्षाही घेता येईल.